एफ-वन दाबा, पुढे चला : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर’ आणि खाली ‘एफ-वन दाबा’ असं रोज येतं? अभिनंदन! हा बिघाड नीट जोपासला तर वर्षानुवर्षं साथ देतो.

१. मजकूर वाचू नका. वाचलात तर ‘बॅटरी’ हा शब्द सापडेल आणि सगळी मजा जाईल. थेट एफ-वन दाबा. घरातल्यांनाही सवय लावा. पाहुण्यांसाठी की-बोर्डवर चिठ्ठी चिकटवा.

२. कोपऱ्यात १ जानेवारी २००९ दिसेल, दिसू द्या. बँकेची साइट उघडणार नाही, कारण तिचं सुरक्षा प्रमाणपत्र २००९ साली जन्मालाच आलेलं नाही. दोष बँकेला द्या. मग नेटवाल्याला फोन करा. तो राउटर बंद करून चालू करायला सांगेल. बिचाऱ्याला तेवढंच सांगता येतं.

३. रात्री भिंतीवरचं बटण आठवणीने बंद करा. बटण चालू असलं की आतलं घड्याळ घरच्या विजेवर चालतं आणि एररला वावच मिळत नाही. बंद केलं की सगळा भार मदरबोर्डवरच्या त्या दमलेल्या सेलवर.

४. ही पायरी सर्वांत महत्त्वाची : मेकॅनिकला दुपारीच बोलवा. वीज सकाळपासून चालू असते, त्यामुळे तो रिस्टार्ट करील आणि एरर येणार नाही. पुन्हा करील, पुन्हा नाही. ‘‘काका, काहीच नाहीये. व्हायरस असेल, फॉरमॅट मारू या.’’ लगेच ‘मार’ म्हणा. एरर विंडोज सुरू व्हायच्या आधीच येतो, म्हणजे विंडोजचा त्यात काडीचा संबंध नाही, असल्या शंका काढून त्याचा हिरमोड करू नका. मुंजीचे फोटो जातील, टायपिंगचे मराठी फॉन्ट जातील, प्रिंटर ओळख विसरेल. मेकॅनिक पैसे घेऊन जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी एरर हजर! वाईट वाटतं, कळतं आम्हाला. चहा घ्या.

५. कुणी हसलं तर इतिहास सांगा. १९८४च्या आयबीएम एटीमध्ये घड्याळासाठी बॅटरी आली. त्याआधीच्या पीसीवर डॉस सुरू होतानाच तारीख विचारायचा. तुम्ही परंपरा जपताय.

६. सीआर २०३२ नावाचा सेल चुकूनही आणू नका. नाव अवघड वाटतं, पण २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. घड्याळवाल्याकडेही मिळतो, आणि फॉरमॅटच्या मानाने फुकटच. पण तो बदललात तर सकाळचा उद्योगच संपेल.

तरीही मोह आवरला नाही, तर प्लग काढा, कॅबिनेट उघडा, खाचेची पट्टी दाबून जुना सेल उचला आणि अधिक चिन्ह वर ठेवून नवा बसवा. मग सेटअपमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि सेव्ह करा. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं. ही गंमत नाही.

नवा सेल घालूनही एरर आलाच, तर बिघाड मदरबोर्डमध्ये असू शकतो. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, पण सकाळी, बटण चालू करायच्या आधी.