उसना बोल्ट

कार्लो, आयर्लंड

ती. आबा आणि सौ. आईस,


हे पत्र मुख्यतः आबांसाठी आहे. आईनं मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधे मधे पदरचं घालू नये, ही विनंती. मागच्या आठवड्यात फोटो पाठवला त्यावर आबांनी विचारलं, "एवढे ट्रॅक्टर ओळीनं का उभे केलेत? मोर्चा आहे काय?" मोर्चा नाही आबा, नांगरणीची स्पर्धा होती. आणि तिच्यात बैलगाडा शर्यतीसारखी पळापळ नसते. इथं घाई करणारा पहिला बाद.

आमचे शेजारी, ज्यांना आमची चिऊ ट्रॅक्टरबाबा म्हणते, ते गेली कित्येक वर्षं यात उतरतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला जमिनीचा एकेक पट्टा देतात. जागतिक स्पर्धेत हा पट्टा शंभर मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असतो, म्हणजे आपला अर्धा एकर. वेळ तीन तास. अर्धा एकर नांगरायला तीन तास! असला ट्रॅक्टरवाला आपण तासावर लावला असता, तर पहिल्याच फेरीला तुम्ही त्याला खाली उतरवून स्वतः बसला असतात.

पण जवळ जाऊन पाहिलं आणि तुमची फार आठवण आली. आधी पट्ट्यात रंगीत काठ्या रोवतात. मग ट्रॅक्टरबाबा एक गुडघा टेकून, एक डोळा मिटून त्या काठ्या एका रेषेत आहेत का बघतात. नांगराचा पहिला तास अगदी उथळ, माती एका बाजूला टाकत. परत येताना दुसरा तास त्याला लागून, माती उलट बाजूला. एवढं झालं की सगळे ट्रॅक्टर थांबतात आणि पंच एवढ्या दोन तासांचेच गुण मांडतात. मग पुढच्या फेऱ्यांत तीच माती परत आत ओढून मधोमध वरंबा उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी नांगरत बाहेर जायचं. शेवटचा तास अरुंद, उथळ आणि दोरी लावल्यासारखा सरळ. दर फेरीला ट्रॅक्टरबाबा खाली उतरणार, तासाची खोली पट्टीनं मोजणार, पान्यानं कुठलासा स्क्रू पाव फेरा फिरवणार, पुन्हा वर चढणार. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. एरवी त्यांना घराच्या तीन पायऱ्या जड जातात.

सगळ्यात कडक तपासणी गवताची. मोठ्या फाळाच्या पुढं एक लहान फाळ असतो. तो वरचं गवत सोलून तासाच्या तळाशी ढकलतो आणि मोठा फाळ त्यावर माती पालथी घालतो. उलटलेल्या मातीत हिरवी काडी दिसली की गुण गेले. आई डाळीतले खडे शोधते तसे पंच वाकून वाकून त्या काड्या शोधत होते. माती घट्ट बसली का, सगळे तास सारख्या उंचीचे आहेत का, टोकाला नांगर घातला आणि काढला तिथं नीट कड राहिली का, अशा प्रत्येक गोष्टीला वेगळे गुण. पेरायचं काय, असं मी एकाला विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

तुमचे जावई पुण्याच्या पेठेत वाढलेले. मातीशी संबंध फक्त गणपतीच्या मूर्तीपुरता. त्यांना काठी धरायचं काम मिळालं. धरून हलायचं नाही, एवढंच. ते दहा मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिले आणि अकराव्या मिनिटाला फोटो काढायला दोन पावलं बाजूला सरकले. काठीसकट. ट्रॅक्टरबाबांनी लांबूनच हात वर केला, ट्रॅक्टर थांबवला, चालत आले, काठी होती तिथं रोवली आणि "ग्रँड!" म्हणून परत गेले. इथं घर जळालं तरी "ग्रँड"च म्हणतात. तुम्ही असता तर आख्ख्या शिवाराला जावयाचं कूळ कळलं असतं.

आता खरी गोष्ट. निम्मा पट्टा झाला असेल नसेल, ट्रॅक्टरबाबांच्या नांगराला दगड लागला. नांगरात एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, दगड लागला की तो तुटतो आणि नांगर वाचतो. तो तुटला. जादाचे बोल्ट घरी, घड्याळ चालू. आणि शेजारच्या पट्ट्यात त्यांचा जुना प्रतिस्पर्धी, दोघांत दरवर्षी चुरस. मला वाटलं, आता तो मनातल्या मनात पेढे वाटणार. त्यानं आपला ट्रॅक्टर थांबवला, पेटी उघडली, बोल्ट काढला, बांधावरून... बांध नव्हताच म्हणा, नुसती खूण होती. तिच्यावरून इकडं आला आणि स्वतः चिखलात आडवा होऊन बोल्ट बसवून दिला. त्याचीही मिनिटं जातच होती. शेवटी निकाल लागला तेव्हा तोच ट्रॅक्टरबाबांच्या वर आला. संध्याकाळी दोघं पबमध्ये शेजारी शेजारी बसून आपापल्या वरंब्याची उणीदुणी काढत होते. दुसऱ्याचं सोडून स्वतःचं वाईट काढायची नुसती चढाओढ.

आबा, आपल्याकडेही नांगर सरळच चालतो. फक्त बांधापाशी आला की त्याला शेजाऱ्याची ओढ लागते. सहा इंचापायी खालच्या वावराची तारीख किती वर्षं चालू आहे, ते मी इथं कुणाला सांगितलेलं नाही.

आणि इथल्या या स्पर्धेचा जन्मही वादातूनच झाला. १९३१ साली किल्डेअरचे जे. जे. बर्गिन आणि वेक्सफर्डचे डेनिस ॲलन या दोन मित्रांत वाद लागला की नांगरणीत कुठल्या परगण्याचे गडी भारी. आपल्याकडे यावरून पंचायत बसली असती. त्यांनी फेब्रुवारीत आमच्या जवळच्याच अथाय गावाबाहेर थेट सामना लावला. नऊ परगण्यांचे गडी घोडे घेऊन आले. त्या पैजेचा आज राष्ट्रीय उत्सव झालाय. सप्टेंबरात तीन दिवस भरतो, २०१९ साली तीन दिवसांत जवळपास तीन लाख माणूस लोटलं. आख्ख्या देशाची लोकसंख्या त्या वेळी पन्नास लाखांच्या आसपास, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. २०१८ साली वादळ आलं तेव्हा मधला एक दिवस बंद ठेवावा लागला, तर यांनी शुक्रवारी भरून काढला.

मागच्या सप्टेंबरात आम्हीही गेलो होतो, टलामोरजवळ. खरं सांगायचं तर निम्मे लोक नांगरणीकडे फिरकतच नाहीत. फुकट पिशव्या, फुकट टोप्या, चीजचे तुकडे, पुढाऱ्यांशी हस्तांदोलन. आपल्या जत्रेत देवळात जाणारे किती असतात, तसलाच हिशेब. हे सगळं चालवणाऱ्या अ‍ॅना मे मॅकह्यू नव्वदीच्या पुढं आहेत. १९७३ पासून कारभार त्यांच्या हातात. आई, तू साठीलाच गुडघे धरून बसलीस.

आई, तुझ्यासाठी घोड्यांचं लिहिते. घोड्यांच्या नांगरणीचा वेगळा गट असतो. धिप्पाड घोडे, आयाळीच्या वेण्या घातलेल्या, त्यात रंगीत रिबिनी, अंगावर घासून लख्ख केलेलं पितळ. बेंदराच्या दिवशीचे आपले बैल डोळ्यांसमोर आले. तू असतीस तर ताट घेऊन ओवाळायला धावली असतीस आणि पुरणपोळी खाऊन घोडा आजारी पडला असता.

बायकांचाही गट आहे, १९५५ पासून. जिंकेल ती नांगराची राणी. आबा, तुम्ही मला कधी रुमण्याला हात लावू दिला नाहीत, बाईनं नांगर धरू नये म्हणून. भांगलणीला मात्र चालत होते मी, आणि तीही उन्हात. चिऊनं आता राणी व्हायचं ठरवलंय. ट्रॅक्टरबाबांनी तिला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू दिलं, तेव्हापासून ती आमच्या गाडीला कमी लेखते.

परवा ट्रॅक्टरबाबांच्या गोदामात पिअर्सचा जुना घोडनांगर पाहिला, वेक्सफर्डच्या कारखान्यातला. मी त्यांना आपल्या गोठ्यातल्या किर्लोस्कर नांगराचं सांगितलं. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते, हेही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझे आजोबा ट्रॅक्टरबद्दल हेच म्हणायचे, जमीन दबेल म्हणून. आणि काही अंशी ते बरोबर होते." मग बराच वेळ वाफशावर बोलणं झालं. ओल्या मातीत नांगर घातला की ढेकळं होतात, हे त्यांनी मला समजावलं. मी ऐकून घेतलं. तुमच्याकडून लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्यांच्या तोंडून जरा नवं वाटलं.

आता कामाचं. हिवाळ्यात आम्ही येतोय आणि ट्रॅक्टरबाबा आमच्याबरोबर यायचं म्हणतात. त्यांना इर्जिक बघायचीय. मी सांगितलं की पूर्वी गावातले सगळे नांगर एकाच्या शेतात जुंपून एका दिवसात नांगरट उरकायचे आणि मग जेवणावळ. त्यांच्याकडेही शेजाऱ्यांनी मिळून काम करायची अशीच रीत होती, त्यांनी लगेच ओळखलं. इर्जिक आता कुठं होते, असं म्हणून टाळू नका. दोन-चार बैलजोड्या जमतील तेवढ्या जमवा, मटणाचं मी बघते. गोठ्यातला नांगर घासून ठेवा. त्यांना रुमणं धरू द्या, मलाही द्या.

आणि आबा, हात जोडून सांगते, त्यांना खालच्या वावराकडं नेऊ नका. ते एक डोळा मिटून बांधाकडे बघतील आणि मग सहा इंच कुणी खाल्ले, ते एका मिनिटात सांगतील.

तुमची,
ताई