चार आण्याचं घड्याळ, बारा आण्याचा पट्टा

सोलापुरात हल्ली कोणाला वेळ विचारली की तो आधी मनगट झटकतो. पडदा उजळत नाही. मग पुन्हा झटकतो, बोटाने टिचकी मारतो आणि शेवटी खिशातला मोबाइल काढून सांगतो, "पावणेसहा." मग घड्याळ कशाला, असं विचारायचं नसतं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, रक्तातला प्राणवायू मोजतं (अंदाजाने, पण छातीठोक). नळाला पाणी यायच्या रात्री आपण अडीचला उठून मोटर लावावी, पिंपं भरावीत, आणि सकाळी त्याने मनगटावरून आपल्यालाच सुनवावं: तुमची झोप समाधानकारक नाही. हा निरोप खरं तर महापालिकेला जायला हवा. तशी सोय अजून कोणत्याच कंपनीने दिलेली नाही.

या गावाला एके काळी वेळ फुकट मिळायची. गिरणीचा भोंगा झाला की लक्ष्मी-विष्णूवाला उठायचा, नरसिंग गिरजीवाला उठायचा आणि ज्याचा गिरणीशी काडीचा संबंध नाही तोही उठायचा. भोंग्याला पट्टा लागत नव्हता, चार्जर लागत नव्हता, काचेवर काच लागत नव्हती. पुढे एचएमटी आलं. बंगळुरूच्या कारखान्यात १९६१ पासून बनायला लागलेलं हे घड्याळ सासऱ्याने लग्नात द्यायचं आणि जावयाने रोज सकाळी दाढीआधी चावी देऊन जन्मभर वापरायचं, असा सरळ व्यवहार होता. एचएमटीची घड्याळ कंपनी गुंडाळायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. जावई मात्र गुंडाळले गेले नाहीत. त्यांना आता स्मार्टवॉच लागतं.

आणि तेही नुसतं नाही. वरपक्षाच्या यादीत घड्याळ एका ओळीत उरकतं, खाली तीन ओळी येतात: जादा चार्जर एक, पट्टे दोन, पैकी एक पाहुण्यांत मिरवायचा, कव्हर, काचेसकट. दीड हजाराच्या घड्याळाखालच्या या तीन ओळींची बेरीज वधूपिता दोनदा करून बघतो. कोंबडी चार आण्याची असली की मसाला बारा आण्याचा पडतो, हे आपल्या पूर्वजांना ब्लूटूथ नसताना कळलं होतं.

आधी चार्जर. कारण तोच पहिला हरवतो.

नवी पेठेतल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी उभं राहा. हा संवाद ऐकायला मिळेल.

"मालक, घड्याळाचा चार्जर द्या."

"कुठलं घड्याळ?"

"काळं."

"सगळीच काळी असत्यात की ओ. कंपनी?"

"चौकोनी आहे."

मालक काउंटरखालून वायरींचं एक खोकं काढतो. सगळ्या वायरी पांढऱ्या किंवा काळ्या, सगळ्यांच्या टोकाला लोहचुंबक आणि दोन सोनेरी टाचण्या. बघणाऱ्याला सगळ्या सख्ख्या बहिणी वाटतात. पण स्वस्त घड्याळांत दोन घराणी आहेत. एकीच्या टाचण्यांमध्ये ४ मिलिमीटर अंतर, दुसरीच्या २.८४. (२.८४ का, २.८५ का नाही, असं विचारणारं गिऱ्हाईक कोणत्याच दुकानदाराला आवडत नाही.) शिवाय काही कंपन्यांच्या चार टाचण्या आणि कोणाची वाटीसारखी बैठक, ती गोष्ट वेगळीच. चुकीच्या घराण्यातली वायर घड्याळाला लावली तर लोहचुंबकामुळे ती चिकटते छान. गिऱ्हाईक खूश होतं.

"चिकटली की!"

"चिकटून तर आमचा मेव्हणा पण बसलाय गल्ल्याला. काम करतोय का?"

या मेव्हण्याच्या कसोटीइतका शास्त्रशुद्ध सल्ला मला कोणत्याही तंत्रज्ञाने दिलेला नाही. वायर आणायला जाताना घड्याळ सोबत न्यायचं, दुकानातच लावायचं आणि पडद्यावर बॅटरीचं चित्र भरायला लागल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. घड्याळ मुलाच्या हातात कॉलेजात असेल तर पोराच्या कंपासमधली पट्टी घेऊन टाचण्यांच्या जुन्या खुणा मोजायच्या. वायर चिकटायच्या ऐवजी दूर पळत असेल तर ती उलटी धरलेली असते. फिरवून धरा. भांडू नका.

ही वायर घरी आल्यावर तिचा खरा स्वभाव कळतो. घड्याळ काढून घेतलं आणि भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं, तर ते उघडं लोहचुंबक आरशाखालच्या फळीवर जे सापडेल त्याला धरतं: कपाटाची किल्ली, सेफ्टी पिन, केसांचा चाप. दोन टाचण्या लोखंडाने जोडल्या गेल्या की ठिणगी पडते, वायर तापते, क्वचित वितळते. पिन सापडत नाही म्हणून घरभर आरडाओरडा चालू असतो आणि पिन वायरच्या टोकाला लटकलेली असते. बटण बंद करा, एवढाच उपाय आहे आणि तो फुकट असल्यामुळे कोणी करत नाही.

अॅडॉप्टरचंही तसंच. अशा घड्याळांच्या खोक्यात जो कागद असतो, त्यावर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की साधा पाच व्होल्ट, एक अँपियरचा अॅडॉप्टर वापरा. तो कागद खोक्यासकट रद्दीत गेलेला असतो. मग घरातला सर्वांत दणकट, ६७ वॅटचा मोबाइलचा अॅडॉप्टर शोधून त्याला नखाएवढ्या बॅटरीचं घड्याळ लावलं जातं, लवकर होईल या आशेने. घड्याळ आपल्याच गतीने चार्ज होतं. ते सोलापूरचंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्यांना एकच चार्जर का नाही? युरोपवाल्यांनी २०२४ च्या डिसेंबरपासून मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरा, इयरफोन या सगळ्यांना टाइप-सी सक्तीचं केलं आणि घड्याळ तेवढं वगळलं. ते फार लहान पडतं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याची दिल्लीत बैठक झाली. मोबाइल-लॅपटॉपला टाइप-सी हे मान्य झालं आणि अंगावर घालायच्या वस्तूंसाठी एक उपगट नेमायचं ठरलं. उपगट म्हटल्यावर सोलापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. उजनीच्या समांतर जलवाहिनीने त्याचं या विषयात पुरेसं शिक्षण केलेलं आहे.

पट्ट्याचा मामला जास्त नाजूक, कारण तो अंगाला लागतो.

पहिली चूक मापाची. घड्याळ ४४ मिलिमीटरचं आहे म्हणून लोक ४४ चा पट्टा मागतात आणि दुकानदार मनगटाऐवजी कंबरेकडे बघतो. ४४ ही तबकडीची मिजास. पट्टा जिथे अडकतो त्या दोन शिंगांमधलं अंतर मोजायचं. ते बहुतेक वेळा २० किंवा २२ भरतं. हे सोपं वाटत असेल तर ॲपल घ्या. त्यांच्या २०१७ च्या ४२ ला मोठा पट्टा लागतो आणि २०२४ च्या ४२ ला लहान. सातबाऱ्यावर असं झालं असतं तर आपण तलाठ्याला धरलं असतं. अमेरिकेतून आलं म्हणून डिझाइन म्हणायचं.

दुसरी चूक वस्तूची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो त्या गावात आपण मनगटाला सिलिकॉन बांधून हिंडतो. घाम आत, हवा बाहेर, मध्ये आंघोळीच्या साबणाचा थर. चार दिवसांत मनगटावर लाल चौकोन उमटतो आणि तो नेमका तबकडीच्या मापाचा असतो. त्याला कोणी घामोळं म्हणतं, कोणी ॲलर्जी, आणि एक काकू तर शनीचा त्रास म्हणाल्या. पट्ट्याने त्वचा बिघडते ही काही सोलापूरची अफवा नव्हे. फिटबिटने २०१४ मध्ये आपलं फोर्स नावाचं अख्खं मॉडेल अंगावर चट्टे उठतात म्हणून परत घेतलं होतं. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी २२ पट्टे तपासून जे सांगितलं ते तर आपल्या मध्यमवर्गाच्या वर्मी लागणारं आहे. काही पट्ट्यांत निसर्गात लवकर न जिरणारी फ्लोरिनची रसायनं सापडली आणि महागड्या पट्ट्यांत फ्लोरिन स्वस्तांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे फुटपाथवरून दीडशेला घेणारा त्यातल्या त्यात बरा आणि "क्वालिटी बघून" घेणारा फसला. ही बातमी ज्यांनी ज्यांनी मनगट झाकून वाचली, त्यांची नावं मी देत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. हे गाव घाम पुसण्यावर जगलेलं आहे. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, चादरीला आहे. इथल्या मागांवरचा सुती टॉवेल देशाची पाठ पुसतो, परदेशाची पुसतो. आणि टॉवेल विणणारा गडी मागासमोर उभा राहून स्वतःच्या मनगटावर असं रबर बांधतो की ज्यातून घामाचा एक थेंब बाहेर पडणार नाही. याला काय म्हणावं?

बाजारात विणलेल्या कापडाचे पट्टे मिळतात, नायलॉनचे. हवा खेळते, संध्याकाळी धुतला तर सकाळपर्यंत वाळतो, आणि आपल्याकडे तर दुपारी धुतला तर चहापर्यंत. मला विचाराल तर या गावाला तोच शोभतो. पण मागावरच्या माणसाने वेल्क्रोवाला घेऊ नये. कारखान्यात उडणारा कापूस त्या काट्यांत असा बसतो की आठवड्याभरात वेल्क्रोची जागा गादीने घेतलेली असते, आणि मग मागाच्या खडखडाटात घड्याळ केव्हा पडलं ते कळतही नाही. त्याने बकलाचा घ्यावा. चामड्याचा पट्टा दिसतो उत्तम, वास मारतो त्याहून उत्तम. धातूच्या जाळीचा मनगटावरचे केस उपटतो आणि मे महिन्यात दुचाकी चालवताना डाग देतो. तो साखरपुड्यापुरता ठीक.

कसाही घ्या, बांधायचा कसा हेही लोकांना कळत नाही. मागच्या बाजूला जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीतून रक्ताची ये-जा बघत असतो. बांगडीसारखं सैल घातलं तर तो हवेचे ठोके मोजतो. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, अंगाला लागून, पण वळ उठणार नाही असं बांधायचं. पावलांचं गणित मात्र कशानेही सुधारत नाही, कारण घड्याळ पाय बघत नाही, हात बघतं. गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांच्या वाटेवर नंदीध्वज पेलत चालणाऱ्याचे हात काठीला धरलेले असतात. बाराबंदीच्या बाहीखालचं त्याचं घड्याळ समजतं, साहेब बसून आहेत. इकडे ओट्यापाशी उभं राहून घरच्या सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या वहिनी भाकरी उतरेपर्यंत शेकड्यांनी पावलं चाललेल्या असतात. यात निदान वहिनींना न्याय मिळाला, म्हणून मी तक्रार करत नाही. पण नेत्याच्या भाषणाला टाळ्या वाजवणाराही त्या दिवसाचा व्यायाम पूर्ण करून घरी जातो, हे खटकतं.

कव्हराबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नाकापेक्षा मोती जड, एवढंच. घड्याळाला काच असते, तिच्यावर आपण काच लावतो, तिच्याभोवती प्लास्टिकची चौकट बसवतो. हात धुतले की दोन काचांमध्ये पाणी शिरतं, पडदा बोटाला ओळखेनासा होतो आणि घड्याळ आपोआप कोणाला तरी फोन लावतं. आपल्या रस्त्यांची धूळ चौकटीच्या आत जाऊन बसते आणि ओरखडे उठू नयेत म्हणून घेतलेल्या कव्हराखाली निवांत ओरखडे काढते. दुकानात, गॅरेजात, मागावर हात आपटत असेल तर बाजूने नुसती मऊ चौकट घाला, आठवड्यातून एकदा काढून पुसा. ऑफिसात बसून सह्या करणाऱ्याला कव्हर कशापासून वाचवतं, ते मला समजलेलं नाही. फायलीपासून?

ते टॉवेलचं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून चाटी गल्लीत एका व्यापाऱ्याकडे जाऊन बसलो. तीन पिढ्यांचा धंदा, कपाटात छतापर्यंत टॉवेल. म्हटलं, अण्णा, तुम्ही घड्याळाचा पट्टा का काढत नाही? सुती, टेरीचा, घाम पिणारा. वर सोलापूरचं मानांकन. पुण्या-मुंबईचे लोक दुप्पट पैसे देऊन घेतील.

अण्णांचे डोळे चमकले. पोराला हाक मारली, "दोन चहा सांग बे." मग कागद-पेन ओढलं.

"करू की. धागा आपलाच हाय, माग आपलाच हाय. बोला, पन्हा किती धरायचा?"

"वीस मिलिमीटर."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग पेनाला टोपण लावलं आणि दारातल्या पोराला परत हाक मारली, "ए, एकच सांग बे. अर्धा."