वय वर्षे अडीच, अनुभव असल्यास प्राधान्य

नातवाला अडीच वर्षं पूर्ण झाली आणि घरात लग्न ठरवायला काढल्यासारखी धावपळ सुरू झाली. स्थळं पाहणं चालू आहे. चिरंजीवांनी लॅपटॉपवर तक्ता केलाय: बाणेर ते बावधन बावीस प्लेस्कूलं आणि पुढे रकाने. अंतर, फी, सीसीटीव्ही, एसी, पेडगॉजी. हा शेवटचा शब्द मी बरेच दिवस पोटाचा विकार समजत होतो.

पहिल्याच ठिकाणी बाईंनी (त्यांना बाई म्हणायचं नाही, ‘सेंटर हेड’ म्हणायचं) मोठ्या कौतुकाने ‘सेन्सरी झोन’ दाखवला. प्लॅस्टिकचा टब, टबात वाळू. “निर्जंतुक केलेली आहे हं!” शेजारच्या टबात राजमा आणि छोले. मुलांनी ते या वाटीतून त्या वाटीत काढायचे, याला ‘प्रॅक्टिकल लाइफ’ म्हणतात. आमच्या आईने मला लहानपणभर मटकी निवडायला बसवलं. तिने फी घेतली नाही, वर दोन धपाटे फुकट दिले. इथे वर्षाचे एक लाख दहा हजार. गणवेश, डबा आणि ‘ग्रॅज्युएशन डे’चा झगा वेगळा.

भिंतीवर माँटेसोरीबाईंचा फोटो होता. 1907 साली त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं ते कामगारांच्या मुलांसाठी, दिवसभर आईबाप कामावर गेले की जिन्यांत हुंदडणाऱ्या पोरांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हेच साहित्य. हे सगळं मी बाईंना, म्हणजे हेडना, सांगितलं. त्या म्हणाल्या, “वॉव, आम्हीपण नेचर-बेस्डच आहोत.” आणि प्लॅस्टिकचं झाड दाखवलं.

पोळ्यांच्या मावशींची नात गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीत जाते. गाणी म्हणते, खडे मोजते, खिचडी खाऊन येते. मी घरी नुसतं सुचवून पाहिलं, तर सूनबाईंनी उठून माझं बीपी तपासलं.

मग मुलाखत. छे, मुलाखत नाही, ‘इंटरॅक्शन’. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी घातली आहे. पहिल्या गुन्ह्याला पंचवीस हजारांपर्यंत दंड. पण कायदा सहा ते चौदा वयाचा. अडीच वर्षांच्या माणसाने आपापलं पाहावं.

चिरंजीवांनी आठवडाभर पाठांतर केलं होतं. “आमचीच शाळा का?” या प्रश्नाला ‘होलिस्टिक’ हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. खरं उत्तर ‘तुमचं डे-केअर संध्याकाळी सातपर्यंत असतं’ हे होतं, पण ते द्यायचं नसतं. सूनबाईंना ‘स्क्रीन टाइम किती?’ असं विचारलं, तेव्हा त्या “शून्य” म्हणाल्या. त्याच क्षणी नातवाने टेबलावरचा हेडबाईंचा मोबाइल उचलला, बोट फिरवून व्हिडिओ लावला, आणि जाहिरात आली तशी ‘स्किप’ही केली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ‘फाइन मोटर स्किल्स’ असावं, असं चिरंजीवांचं म्हणणं. सूनबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

चार दिवसांनी मेल आला: अभिनंदन! पेढे आणले, पहिला हप्ता भरला.

त्याच संध्याकाळी नातवाला घेऊन आम्ही खाली उतरलो. सोसायटीच्या गेटशेजारी बांधकामाचा वाळूचा ढीग पडला होता. नातू हात सोडवून धावला, ढिगात फतकल मारून बसला आणि ओंजळीने वाळू डोक्यावर ओतून घ्यायला लागला. चिरंजीवांनी त्याला काखोटीला मारून बाहेर काढलं.

“शी! घाण असते ती, बाळा! जूनपासून खेळायचंच आहे ना रोज वाळूत?”