ज्याचा त्याचा आसाम

मार्च 2023 मध्ये विधानसभेत भटक्या कुत्र्यांवर चर्चा निघाली आणि आमचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी उपाय सांगून टाकला: कुत्री आसामला पाठवा, तिकडं खाण्यासाठी त्यांना आठ हजारांचा भाव आहे. गुवाहाटीला गेलो होतो तेव्हा हे कळलं, असंही ते म्हणाले. सत्तांतराच्या धामधुमीत आमदारांचा गुवाहाटीत जो मुक्काम पडला होता, त्यातून जनतेला काय मिळालं हा प्रश्न तोवर लोंबकळतच होता. निदान बाजारभाव तरी कळला.

10 मार्चला आसामच्या विधानसभेत यावरून इतका गोंधळ झाला की राज्यपालांना अभिभाषण आवरतं घ्यावं लागलं. कडूंनी माफी मागितली आणि आपल्याला नागालँड म्हणायचं होतं, असा खुलासाही केला. म्हणजे एका राज्याची समजूत काढताना दुसऱ्याला ओढून घेतलं. नेमक्या त्याच 10 मार्चला केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नवे नियम अधिसूचित केले. त्यात लिहिलंय की पाळीव कुत्र्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. यावर मात्र कुठल्याच सभागृहात कोणी उठून उभं राहिलं नाही. मालक म्हणजे मतदार, अन् मतदाराला जबाबदारी सांगायची आपल्याकडं रीत नाही.

खरं सांगायचं तर कडूंना हसण्याचा आमच्या चांदूर बाजारला काडीचा अधिकार नाही. ते माइकवर बोलले एवढंच. आपण ते पिढ्यान् पिढ्या गुपचूप करत आलो आहोत. घरची कुत्री वर्षातून दोनदा विते, एका वेताला पाच-सहा पिलं. त्यातला दिसायला बरा असलेला एखादा नर संत्र्याच्या बगीच्यात जागलीला जातो. उरलेल्या माद्या डोळे उघडले की पोत्यात, पोतं मोटारसायकलच्या टाकीवर, आणि टाकी पूर्णा नदीच्या पलीकडं. पलीकडचे लोकही काही कमी नाहीत. ते त्यांची पोती आठवडी बाजाराच्या गर्दीत इकडं आणून मोकळी करतात. प्रत्येक गावाचा आपापला आसाम ठरलेला आहे. गाडीभाडं लागत नाही, की कुठल्या राज्यपालाला भाषण आवरावं लागत नाही. सहा महिन्यांनी हीच पिलं मोठी होऊन मोटारसायकलमागं धावली की आपण नगरपालिकेला निवेदन देतो, कुत्र्यांचा बंदोबस्त करा म्हणून. सोबत फोटोही काढतो.

एका कुत्रीची नसबंदी केली तर पोतं, पेट्रोल आणि निवेदनाचा कागद असं सगळंच वाचेल, असं मी चौकात एकदा सुचवलं. "अजी, मुक्या जनावराले कापाचं? पाप लागते," असं उत्तर आलं. पोत्याचं पाप लागत नाही, कारण पोत्याचं तोंड बांधलेलं असतं.

तरी आपण श्वानप्रेमी नाही असं कोणी म्हणू नये. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी मिळते. साडेसाती जितकी जोरात, तितकं तेल जास्त. आमच्या गल्लीतलं काळं कुत्रं या खुराकानं इतकं सुटलंय की त्याला आता भुंकायचाही कंटाळा येतो. शेजारचं तपकिरी कुत्रं कडेला बसून बघत राहतं; त्याच्या रंगाला पत्रिकेत स्थान नाही. उरलेले सहा दिवस दोघांनाही दगडच.

अलीकडं गावात समृद्धी आली आहे आणि तिच्यासोबत हस्की. मे महिन्यात जिथं पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथं सायबेरियाचं कुत्रं! कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जो काही येतो तो पंजांच्या तळव्यांना. बाकी गारवा धापा टाकून मिळवायचा. हे बिचारं दुहेरी केसांचा कोट घालून धापा टाकतं आणि मालक म्हणतो, "पहा, कसा हसून राह्यला!" कोणीतरी सांगितलं म्हणून त्याची हजामतही झाली. तो कोट थंडीसारखंच उन्हालाही अडवतो, हे न्हाव्याला ठाऊक नव्हतं आणि मालकाला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. पहाटे फिरवायचं तर मालक उठत नाही, म्हणून स्वारी निघते सकाळी अकराला, तापलेल्या डांबरावरून. मालकाच्या पायात चप्पल असते. दुपारी कूलरसमोर त्याची जागा राखीव आहे, पण लाईन गेली की सायबेरिया पुन्हा वऱ्हाडात.

गावरान कुत्र्याला असले लाड नाहीत. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराकडं टिनाच्या छपराखाली एक बांधलेलं आहे. गळ्यात बैलाची साखळी, वजनाला कुत्र्याच्या मुंडक्याएवढी. तिच्या कड्यांनी मानेचे केस गेलेत, कातडं सोललंय. चिकटलेल्या गोचिडांनी कान मण्यांसारखे भरलेत. पाण्यासाठी तेलाचा कापलेला डबा आहे, अन् त्यातलं पाणी दुपारी चहा टाकता येईल इतकं तापतं. त्याच्या खरजेवर औषध म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासलेलं. कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं, मग ते जेवत नाही. आणि जेवत नाही म्हणून दृष्ट काढली जाते.

"काहून जी, दिवसभर बांधून ठेवता?"

"सोडलं तं चावते नं."

"चावते काहून?"

"दिवसभर बांधून रायते म्हणून."

या तर्कशास्त्रापुढं मी हात टेकले. कायद्यानंही टेकलेच आहेत म्हणा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सगळं आहे: अवजड साखळी नको, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवलं पाहिजे, उपाशी-तहानलेलं सोडून देणं गुन्हा. पहिल्या खेपेची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. साठ-पासष्ट वर्षांत आलुबोंड्याचा भाव कुठल्या कुठं गेला, पण कुत्र्याच्या हालांचा दर सरकारनं महागाईपासून वाचवून ठेवला आहे. तेच कुत्रं मालकाच्या हलगर्जीनं माणसाला चावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साहजिकच आपल्याकडं भुंकेपर्यंत कुत्रं आपलं असतं आणि चावलं की गावचं. रात्री बगीच्यात रानडुक्कर हाकललं तर "आपला वाघ्या", पोस्टमनचा पाय धरला तर "कोणाचं हाय बाप्पा, माहीत नाई."

पोस्टमनची गोष्ट पुढं अशी, की जखमेवर आधी मिरचीची पूड भरण्यात आली. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायची, ही साधी गोष्ट सुचवणारा मनुष्य गर्दीत मागं राहिला, कारण पुढं हळदवाले होते. शेवटी लस घ्यायला बिचारा पोस्टमन दवाखान्यात गेला. रेबीज एकदा डोक्यात शिरला की जवळपास कोणी वाचत नाही. म्हणून 2030 पर्यंत कुत्र्यांमुळं होणारा रेबीज देशातून संपवायचं ठरलंय. त्याची वाट कुत्र्याच्या लसीवरूनच जाते: तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग दरवर्षी.

मी त्या बागाईतदाराला घेऊन ढोराच्या दवाखान्यात गेलो. कुत्रं टेम्पोत, त्याच बैलाच्या साखळीनं बांधलेलं. डॉक्टरांनी मानेची जखम धुतली, जळकं ऑइल बंद करायला सांगितलं, गोचिडांचं औषध लिहिलं आणि लसीच्या नोंदीसाठी रजिस्टर उघडलं.

"मालकाचं नाव?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीकडं.

"लस वर्षाला द्याची?" भाऊंनी विषय बदलला. "किती लागतीन?"

डॉक्टर म्हणाले, बाहेरून आणली तर दोन-तीनशे.

"दरवर्षी?" भाऊंनी टेम्पोकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण डॉक्टरसाहेब, नवं पिल्लू तं फुकट भेटते."