अप्पांच्या डोक्यातले भाडेकरू

"मालूताई, आहात का? जरा कुंपणाशी या ना. आमच्या नणंदबाईंचा फोन होता."

"आता काय नवीन?"

"म्हणतात, अप्पांना शहरात न्या. तिथे एक डॉक्टर कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढतो, त्यातल्या स्टेम सेल परत टोचतो. त्या जातात थेट मेंदूत. विसरभोळेपणा गेलाच म्हणून समजा. चार वेळा टोचायचं, साडेतीन लाख. हे बघा, पत्रकही पाठवलंय."

मालूताईंनी मोगऱ्याची कात्री खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पत्रक घेतलं. गुळगुळीत कागद, निळाशार मेंदू, त्याच्याभोवती सोनेरी ठिपके आणि तळाला ठळक अक्षरांत 'हप्त्यांची सोय'. चाळीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला एवढं पुरे होतं.

"शोभा, यातलं सगळंच खोटं असतं ना, तर बरं झालं असतं. थोडं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो."

"म्हणजे बोन मॅरोतल्या पेशी जातात मेंदूत?"

"जातात. पण कधी, ते ऐक. आपल्या मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. मेंदूची प्रतिकारशक्ती म्हण. 1919 साली माद्रिदमध्ये पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीचा क्षार वापरून मेंदूचे काप रंगवले, तेव्हा त्या वेगळ्या ओळखू आल्या. मधे इवलासा गोळा आणि चहूबाजूंनी फांद्या. जिवंत उंदराच्या मेंदूत पाहिलं तर त्या फांद्या सारख्या हलत असतात, आजूबाजूला चाचपत असतात. मेलेली पेशी सापडली, जंतू सापडला की गिळून टाकतात."

"अगोबाई! आपल्या डोक्यात हे चालू असतं?"

"आत्ता, तू बोलतेयस तेव्हासुद्धा."

"आणि या येतात बोन मॅरोतून."

"तिथेच तर गोम आहे. रक्तातल्या अशा गिळणाऱ्या पेशी तिथूनच येतात, त्यामुळे याही तिथल्याच, असं पुष्कळांना वाटायचं. पण 2010 साली उंदरांवरच्या संशोधनात दिसलं, की गर्भ अगदी लहान असताना, बोन मॅरोचा पत्ताही नसतो तेव्हा, त्याला जोडलेल्या पीतक कोश नावाच्या पिशवीतल्या पेशी मेंदूत जाऊन बसतात. पुढे तिथेच त्यांची पिलावळ वाढते. बाहेरून भरती जवळजवळ नाहीच."

"म्हणजे त्या घरमालकिणी!"

"बरोब्बर. आणि मालकीण घरात ठाण मांडून बसलेली असताना तू भाडेकरू कितीही टोच, राहायला जागा कुठाय? आधी घर रिकामं करावं लागतं. त्यासाठी बुसल्फानसारखं जहाल औषध देतात. केस जातात, तोंड सोलवटतं, माणूस कित्येक आठवडे इस्पितळाच्या बंद खोलीत. मग स्टेम सेल शिरेतून देतात. त्यांची काही पिलं हळूहळू मेंदूत शिरतात, फांद्या काढतात, मायक्रोग्लियासारखी दिसायला लागतात. प्रयोगशाळेतही ठरावीक प्रथिनं घालून आणि मेंदूतल्या इतर पेशींच्या सहवासात ठेवून अशा पेशी वाढवतात. पण कोणती जनुकं चालू आहेत ते तपासलं की फरक कळतोच."

"भाडेकरू ते भाडेकरूच. मग उपयोग काय त्यांचा?"

"उपयोग आहे ना. 'लोरेन्झोज ऑइल' सिनेमा पाहिलास? 1992 चा. त्यातल्या मुलाला अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी असते. शाळेत जाणारा धडधाकट मुलगा, वर्षा-दोन वर्षांत चालणं-बोलणं जातं. तर 2009 साली पॅरिसच्या नातालि कार्तिए आणि पात्रिक ओबूर यांनी हा आजार असलेल्या दोन मुलांवरचा उपचार जाहीर केला. मुलांच्याच स्टेम सेल काढल्या, निकामी केलेल्या एचआयव्हीच्या साहाय्याने त्यांत चांगलं जनुक घातलं आणि परत दिल्या. लगेच काही झालं नाही. नव्या पेशी मेंदूत पोचायला वेळ लागतो. आजार थांबला तो चौदा ते सोळा महिन्यांनी."

"बरी झाली मुलं?"

"गेलेलं परत आलं नाही, पुढचं जायचं थांबलं. म्हणून आजार अगदी सुरुवातीलाच पकडावा लागतो. त्याच धर्तीवरच्या उपचाराला 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत तीस लाख डॉलर."

"रुपयांत सांगा हो."

"वीस कोटींच्या वर. आणि पुढे 67 मुलांपैकी सात जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं प्रसिद्ध झालं."

"देवा रे!"

"म्हणून तर हे खेळ नव्हेत. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, शांघायहून आणखी एक बातमी आली. मायक्रोग्लियाच बिघडलेल्या असतात असा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्याच्या आठ रुग्णांना दुसऱ्याचा बोन मॅरो दिला, दोन वर्षं आजार पुढे सरकला नाही. मलाही वाचून आनंद झाला. पण आठ माणसं, एका जनुकाचा आजार. आपले अप्पा एक्क्याऐंशीचे. त्यांना बुसल्फान झेपेल?"

"छे! त्यांना साधं जुलाबाचं औषध झेपत नाही."

"आणि पत्रकात घर रिकामं करण्याचं नावच नाही. नुसत्या पेशी टोचणार आणि त्या मेंदूत संसार थाटणार! अल्झायमरवर असला उपाय माणसांत अजून सिद्ध झालेला नाही."

"मग काहीच करायचं नाही का हो? काल त्यांनी मलाच विचारलं, बाई, आपण कोण?"

मालूताई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "करायचं ना. आधी त्यांचं बी-12 आणि थायरॉइड तपासून घे. तिथे कमतरता असली तरी माणूस विसरतो आणि त्यावर औषध आहे. मग मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. मी येते बरोबर."

"आणि नणंदबाईंना काय सांगू?"

"सांग, आयसीएमआरची 2017 ची नियमावली आहे. रक्ताचे वगैरे ठरलेले आजार सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर झालेल्या ट्रायलमध्येच देता येतात. त्या डॉक्टरला म्हणावं, ट्रायलची जिथे नोंद होते त्या सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक दाखवा. आणि खऱ्या ट्रायलमध्ये रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, की चप्पल घालायची आणि घरी यायचं."