काळ्या पडद्यावर फोनचे दर

(नवशिक्यांसाठी, विशेषतः ज्यांच्या घरची माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात, अशा बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी)

हे मार्गदर्शन नीट पाळलं, तर कोणता रिचार्ज स्वस्त पडतो हे कोणाच्याही मदतीशिवाय पाच मिनिटांत काढता येतं. मदतीशिवाय म्हणजे मोबाइल-शॉपीवाल्याच्या मदतीशिवाय. घरच्यांची मदत टाळता येत नाही. ती न मागता होते.

साहित्य

संगणक लागत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं फुकट ॲप घ्या. उघडल्यावर काळा पडदा दिसेल आणि त्यावर एक छोटी चौकट. चित्रं नाहीत, जाहिरातसुद्धा नाही. आजी शेजारी बसली असेल तर ती म्हणेल, ‘‘बंद पडला का रं?’’ पडलेला नाही. तो हुकमाची वाट बघतोय. हुकूम मात्र इंग्रजी अक्षरांतच द्यावा लागतो. इथे ते देवनागरीत दिले आहेत, पण तसेच टाइप केलेत तर असला हुकूम सापडत नाही, एवढंच उत्तर येईल. रागावू नका, त्याची शाळा वेगळी आहे.

आपलं हत्यार म्हणजे ऑक. अल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन या तिघांनी ते १९७७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केलं आणि आपल्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव दिलं. ज्या युनिक्स या संगणकप्रणालीसाठी ते बनलं, तीही तिथलीच, १९६९ची. आणि बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. म्हणजे फोनच्या दरांची उलटतपासणी घेणारं हत्यार एका फोन कंपनीच्याच घरात घडलं. असा उदारपणा फोन कंपन्या रोज दाखवत नाहीत.

पायरी पहिली: दर गोळा करणे

दर ही काही एका आकड्याची गोष्ट नाही, हे आधी समजून घ्या. पिवळ्या एसटीडी बूथच्या काळात दर अंतरावर आणि घड्याळावर ठरायचा. दिवसा पूर्ण, रात्र चढेल तसा कमी. म्हणून कारखान्याच्या गावातल्या बूथसमोर रांग लागायची ती रात्री, दिवसभर ऊस तोडून, गाडी भरून झाल्यावर. त्यातही घरी फोन कुठला? फोन गावातल्या किराणा दुकानात. पहिला फोन ‘‘आमच्या म्हाताऱ्याला बोलवा, दहा मिनिटांनी परत लावतो’’ एवढं सांगायला आणि दुसरा बोलायला. दोन्हींचे पैसे. ऑकला हे शिकवायचं तर प्रत्येक दराला दोनने गुणावं लागलं असतं, आणि म्हातारा दुसऱ्या गल्लीत गप्पा मारत बसला असेल तर तीनने.

मग मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीला फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात फोन करणाराही पैसे द्यायचा आणि उचलणाराही. १ मे २००३पासून येणारे कॉल फुकट झाले. मिस्ड कॉलचं शास्त्र मात्र आपल्याकडे त्यानंतरच खरं बहरलं: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव. या दोन ओळींच्या कराराची किंमत शून्य रुपये, आणि शून्याहून स्वस्त पॅक ऑकलाही सापडत नाही.

फाइल करताना सर्कलचीही आठवण ठेवा. टेलिकॉमच्या नकाशात बीड महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. त्यात गोवा आहे, मुंबई नाही. पणजी घरातली आणि मुंबई परकी, हा भूगोल दहावीच्या पेपरात लिहू नका. कोल्हापूरकडच्या कारखान्यावर गेलेली टोळी सर्कलमध्येच राहायची, पण कागल ओलांडून निपाणीकडे सरकली की रोमिंग लागायचं, आणि आईचा फोन उचलायलाही लेकाला पैसे मोजावे लागायचे. मुकादमाने कुठला कारखाना धरला यावर घरच्या फोनचं बिल ठरायचं.

आता ते रोमिंग गेलं. आता पॅक. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसते बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक काढा. जानेवारी २०२५मध्ये ते आले. त्यातले चार, सरावापुरते, ‘दर’ नावाच्या फाइलमध्ये घाला. नाव, स्वल्पविराम, रुपये, स्वल्पविराम, दिवस, अशी एकेक ओळ: जिओ ४४८ रुपयांत ८४ दिवस, जिओ १७४८त ३३६ दिवस, एअरटेल ४६९त ८४ दिवस, एअरटेल १८४९त ३६५ दिवस. तुम्ही वाचेपर्यंत आकडे बदलले असतील. बदलू द्या, पद्धत बदलत नाही.

३३६ हा आकडा पाहून बिचकू नका. २८ दिवसांचा एक महिना धरला की बारा महिन्यांचे ३३६ होतात. अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याने खऱ्या वर्षात तेरा वेळा पैसे भरावे लागतात. हे पंचांग कोणत्या ज्योतिषाचं, ते विचारू नये.

पायरी दुसरी: हुकूम

असा लिहा: ऑक, जागा सोडून उणे मोठं एफ आणि त्याला चिकटून स्वल्पविराम. मग एकेरी अवतरणात महिरपी कंस, त्याच्या आत प्रिंट, डॉलर दोन भागिले डॉलर तीन, स्वल्पविराम, डॉलर एक. कंस बंद, अवतरण बंद, फाइलीचं नाव. मग उभी दांडी, आणि सॉर्ट, उणे एन.

डॉलर दोन म्हणजे दुसरा रकाना. चुलते मागून डोकावत असतील तर हे त्यांना आधीच सांगा, नाही तर ‘‘आपल्याला रुपयात काढ’’ असं म्हणतील. उभ्या दांडीने एका हुकमाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात जातं. उणे एन विसरू नका. विसरलात तर सॉर्ट आकड्यांना शब्द समजतो आणि रोजी दहा रुपयांचा पॅक पाच रुपयांच्या आधी बसवतो, कारण एक हा पाचाच्या आधी येतो.

उत्तर येईल: ५.०७, ५.२०, ५.३३, ५.५८ रुपये रोज. एअरटेलचं वर्ष सगळ्यात स्वस्त, एअरटेलचेच ८४ दिवस सगळ्यात महाग. झालं काम, असं तुम्हाला वाटेल.

पायरी दुसरी, पुन्हा

चुलते विचारतील, ‘‘आन् अठराशे एकोणपन्नास आत्ता कोण देणार?’’ उचल घेतलेल्या कोयत्याकडे, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन तोडीला निघालेल्या जोडप्याकडे, दिवसाचा भाव विचारून उपयोग नाही. हातात आज किती आहेत, हे विचारावं लागतं. शिवाय वर्ष नको, हंगाम हवा. समजा हंगाम १५० दिवसांचा. मग भागाकार उलटा करा: १५० भागिले डॉलर तीन, अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा, गुणिले डॉलर दोन. आता ८४ दिवसांचे पॅक दोनदा भरावे लागतात: ८९६ आणि ९३८. वर्षाचे पॅक १७४८ आणि १८४९वरच बसलेले. मघाशी पहिला आलेला शेवटी गेला. आकडे तेच, फाइल तीच.

फक्त पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, हे मुकादमाला ठाऊक नाही आणि ऑकलाही नाही. शिवाय हंगामानंतर रिचार्ज न करता नंबर मरू द्यायची सोय उरलेली नाही; बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

पायरी तिसरी: चौथा रकाना

इथवर आलात की आजी पहिल्यांदा कामाचं बोलेल. ‘‘फडात रेंज येती का त्येची?’’

हा दर कुठल्याच कंपनीच्या तक्त्यात छापलेला नसतो. तो गेल्या वर्षी त्या कारखान्यावर जाऊन आलेल्यांना विचारून भरायचा: कोपीपाशी येते, फडात येत नाही, टेकाडावर चढलं तर येते, रात्री येते. चौथ्या रकान्यात येत असेल तर १, नसेल तर ०. टेकाडाला शून्यच द्या, दिवसभर मोळ्या उचललेला माणूस टेकाड चढत नाही. मग हुकमात महिरपी कंसाच्या आधी अट घाला: डॉलर चार, दोनदा बरोबरचं चिन्ह, एक. एकदाच बरोबर लिहिलंत तर ऑक प्रत्येक ओळीला रेंज देऊन टाकतो, इतका तो दिलदार आहे.

अट बरोबर पडली की पडद्यावर बहुधा एकाच कंपनीच्या ओळी उरतात, सगळी टोळी जी वापरते तीच. उणे एन आता लावलं काय, न लावलं काय.