निरंक अहवाल कसा पाठवावा: नव्या फॅक्टरी मॅनेजरांसाठी पहिले धडे

अभिनंदन! फाउंड्री आता तुमच्या ताब्यात आली. कपाटात व्यवसायजन्य रोगांच्या नोंदीचं रजिस्टर असेल, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरं. आधीच्या मॅनेजरांची ही पुण्याई तुम्हालाही पुढे चालवायची आहे.

त्यासाठी आधी कायदा वाचा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम ८९ सांगायचं की, तिसऱ्या परिशिष्टातला रोग कामगाराला झाला तर मॅनेजरनं कळवावं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनंही. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, आवाजानं येणारा बहिरेपणा, सगळे त्या यादीत. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही यादी तिसऱ्याच परिशिष्टात आहे, म्हणजे नवं पाठांतर नाही.

१. डॉक्टर जपून निवडा. छाती तपासणारा चालेल, पण "काम काय करतोस?" असं विचारणारा नको. रोग न कळवणाऱ्या डॉक्टरला जुन्या कायद्यात जास्तीत जास्त १००० रुपये दंड होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीचं कंत्राट केवढ्याचं असतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

२. टीबीवर श्रद्धा ठेवा. हा धडा नीट घोटून घ्या, बाकीचे विसरलात तरी चालतील. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. साचा फोडताना, फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, ग्राइंडर चालताना तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, आणि ते फुप्फुस पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पण एक्स-रेवरच्या सावल्या बऱ्याचदा टीबीसारख्याच दिसतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो, म्हणजे निदान अगदीच खोटंही ठरत नाही! टीबी सरकारचा, सिलिकोसिस तुमचा. सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात, कारखान्याचं नाव कोणी विचारत नाही. गोळ्या संपूनही दम लागतच राहिला तर, "बिडी ओढतोस ना?" एवढं विचारा. ओढत नसेल तर चुलीच्या धुरावर ढकला.

३. माणसं ठेकेदाराकडून घ्या. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक द्या, मग नव्या नावाच्या ठेकेदाराकडून तीच माणसं परत घ्या. सिलिकोसिस दिसायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात. तोवर माणूस बिहारला किंवा बीडला आपल्या गावी पोचलेला असतो, आणि तिथल्या डॉक्टरला फाउंड्री म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. बिचारा! पण तुमच्या मस्टरवर तो नाही, मग दुःख तरी कोणत्या खात्यात टाकायचं?

४. इन्स्पेक्टर आला तर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारतानं १९४९ मध्येच मान्य केला. त्यानुसार निरीक्षकाला आगाऊ न कळवता कारखान्यात शिरता येतं. गेटवरच्या वॉचमनला हे माहीत असू द्या, म्हणजे तो साहेबांना चहा पाजत बसवील. तेवढ्यात जमिनीवर पाणी मारा, नवे मास्क वाटा. डोळ्यांना दिसणारी धूळ गेली की साहेब खूश. फुप्फुसात खोल जाणारी धूळ दिसतच नाही, ती मोजायला पंप लागतो. तो पंप साहेबांच्या गाडीत आहे का, हे ड्रायव्हरला हळूच विचारून घ्या. साहेब गेले की मास्क मोजून परत घ्या.

५. रिपोर्ट. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगाराला आपल्या तब्येतीची नोंद पाहता आली पाहिजे, असं जुन्या कायद्यातही होतं. जरूर दाखवा. रिपोर्ट इंग्रजीत असावा आणि चावी असलेला क्लार्क रजेवर असावा.

६. वर्षअखेरीस रकान्यात 'निरंक' लिहा, सही-शिक्का मारा, पाठवा.

आता ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. मांडव घाला, शपथ घ्या, घोषवाक्यांची स्पर्धा ठेवा. पहिलं बक्षीस फेटलिंगच्या एखाद्या जुन्या कामगाराला दिलंत तर फोटो छान येतो. फक्त त्याला स्टेजवर बोलावू नका, खाली उतरून तुम्हीच द्या. चार पायऱ्या चढून आल्यावर त्याला शपथ पुरी म्हणता येत नाही.